५५६ वाटाणे

यंदा दहावीला आनुवंशिकता शिकवायच्या आदल्या रात्री मी दोन वाट्यांत वाटाणे भिजत घातले. एकीत रगड्याचा पांढरा, दुसरीत उसळीचा हिरवा. सकाळी वर्गात मुलांना सालं काढायला लावली. पांढऱ्याच्या आत पिवळी डाळ निघाली, हिरव्याच्या आत हिरवी. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने मोजला तो रंग हाच, सालाखालचा.

इतकी वर्षं मी फळ्यावर सोळा घरांचा चौकोन काढायचे, त्यातून दुसऱ्या पिढीतल्या चार प्रकारच्या दाण्यांचं ९:३:३:१ हे प्रमाण काढून दाखवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. मागच्या वर्षी एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण नऊच का?" चौकोनाकडे बोट दाखवण्यापलीकडे मला काही सुचलं नाही. ते मनाला लागून राहिलं.

मग सुट्टीत मेंडेलचे मूळ आकडे घेऊन बसले. आजच्या चेकियातल्या ब्रनोच्या मठात त्याने गोल-पिवळ्या आणि सुरकुतलेल्या-हिरव्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीतले सगळे दाणे गोल-पिवळे. त्यांच्या १५ झाडांना स्वपरागणाने ५५६ दाणे आले: ३१५ गोल-पिवळे, १०१ सुरकुतलेले-पिवळे, १०८ गोल-हिरवे, ३२ सुरकुतलेले-हिरवे. आता रंग विसरून नुसता आकार मोजा. ४२३ गोल, १३३ सुरकुतलेले. आकार विसरून रंग मोजा. ४१६ पिवळे, १४० हिरवे. दोन्हीकडे साधारण तीनास एक! आकाराचं काय झालं याची रंगाला खबरच नाही. चारांतले तीन गोल, त्या गोलांतही चारांतले तीन पिवळे. तीन त्रिक नऊ.

माझा जीव जडलाय तो मधल्या १०१ आणि १०८ दाण्यांवर. आजी-आजोबांपैकी कुणीच तसं नव्हतं. सुरकुती एका घरची, पिवळा रंग दुसऱ्या घरचा, आणि दाणा अगदी नवा. (सगळीच लक्षणं अशी सुटी चालत नाहीत. एकाच गुणसूत्रावर, म्हणजे पेशीतल्या जनुकांच्या एकाच धाग्यावर, जवळजवळ असलेली जनुकं बहुधा जोडीनेच पुढे जातात. तेही वर्गात सांगितलंच पाहिजे.) हे सगळं १८६६ साली छापून आलं आणि १९०० पर्यंत जवळजवळ कुणी त्याकडे पाहिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

ती मुलगी आता अकरावीत आहे. तिला मी फक्त ते चार आकडे पाठवले, बाकी काही लिहिलं नाही. रात्री साडेदहाला उत्तर आलं: "मॅडम, रंग वेगळा मोजला. आकार वेगळा मोजला. आलं लक्षात."