कल्लो उघडून बघूक व्हयो

मालवणच्या ओपीडीत मंगळवारी शुगरवाल्यांची रांग असते. त्यातच ही मासे विकणारी बाई: पन्नाशीची, वजन 41 किलो, मधुमेह बारा वर्षांचा. एवढ्या किडकिडीत बाईला शुगर कशी, हे कुणीच विचारलं नव्हतं. तीन वर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी लिहून देणाऱ्या मीही नाही. तिच्याशी ओरडून बोलावं लागे. जेटीवरच्या लिलावाने कान गेले, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा मुलगा सोबत आला. वय 27, ट्रॉलरवर खलाशी, तोही काटकुळा, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारं एचबीए1सी 9.8, म्हणजे बरंच जास्त. त्यालाही प्रत्येक प्रश्न दोनदा. "इंजिनाचो आवाज," म्हणाला. मामाही बहिरा, आजी शुगरने गेलेली. म्हणजे सगळं आईकडूनच. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, फक्त आईकडून मिळतात. त्यांच्या डीएनएत 3243 क्रमांकावरचा बदल. मधुमेह आणि बहिरेपणाची ही जोडी 1992 पासून माहीत आहे. लॅबने फक्त रक्त मागितलं. मी हट्टाने लघवीही पाठवली. आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला, 'आढळला नाही'. वय वाढतं तशा रक्तात हा बदल असलेल्या पेशी मागे पडत जातात, लघवीतल्या पेशींत तो सापडतो, हे लॅबवाल्याला फोनवर समजावताना माझा आवाज चढला. लघवीच्या रिपोर्टात तो निघाला. मुलाच्या रक्तातच होता.

मेटफॉर्मिन बंद केलं, कारण अशा रुग्णांत लॅक्टिक ॲसिड वाढायची भीती. दोघांना इन्सुलिन.

मला छळत होता तो वेगळाच प्रश्न. पेशीत साफसफाई असते की! मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतदाब पडला की पिंक1 हे प्रथिन तिच्यावर साचतं, पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं, खुणा लागतात आणि ती गिळून पचवली जाते. मग इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडात हा कचरा राहतो कसा? बाईला मी पाटीतल्या नासक्या माशाचा दाखला दिला. ती हसली.

"डाक्टरानू, कुसलेलो मासो कोणय वळाकता. बर्फातलो वरसून ताजो दिसता. कल्लो उघडून बघूक व्हयो."

बहुधा तसंच असावं. अर्धवट बिघडलेली मायटोकॉन्ड्रिया जेमतेम दाब राखत असेल आणि पिंक1ला चकवत असेल. कॉन्फरन्सच्या स्लाइडांपेक्षा मला हे जास्त पटलं.

मुलाच्या मुलांना यातून धोका नाही. बाईच्या धाकट्या मुलीच्या मुलांना आहे, आणि तिचं लग्न ठरतंय. आई म्हणाली, "चेडवाचा लगीन जावंदे, मगे सांगा."

मी अजून सांगितलेलं नाही. गेल्या मंगळवारी ती आईचं इन्सुलिन न्यायला आली होती. डोस मोठ्याने सांगितला. मग कागदाकडे बघत, अगदी हळू, विचारलं, "एसटी कितीची?"

"साडेबाराची," ती लगेच म्हणाली.