न उघडणाऱ्या काचा

"साहेब, इथल्या काचा उघडत नाहीत, तुम्ही जिन्यात थांबा," असे आज दुपारी वीज गेल्यावर एका नव्या कार्यालयीन इमारतीच्या रखवालदाराने मला सांगितले आणि स्वतःची खुर्चीही तिकडेच ओढली.

जिन्यात खरोखरच वारा होता, कारण खालचे दार आणि वरचे गच्चीचे दार उघडे असल्याने तापलेली हवा आपोआप वर निघून जात होती.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जाड भिंती आणि वाळ्याचा कूलर निभावून नेतात. पावसाळ्यात मात्र हवेतच ओल असल्याने घाम वाळत नाही, कूलर दमटपणा वाढवतो आणि अंगावरून वाहणारा वारा व भिंतीबाहेरच अडवलेले ऊन यांवरच भिस्त राहते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतल्या १९८३ च्या कांचनजंगा इमारतीत समुद्राचा वारा मिळावा म्हणून घरांची रचना पूर्व-पश्चिम केली आणि ऊन-पाऊस अडवायला दुमजली उंचीच्या खोल गच्च्या दिल्या.

पश्चिमेला सलग काच लावून आतून पडदे ओढण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही, कारण पडद्यापर्यंत पोहोचलेली उष्णता आत आलेलीच असते. आपल्याकडे इमारतीचा नकाशा काढताना वाऱ्याची वाट कोणी विचारात घेते का?