स्टेशनपासून किती?

रविवार

मावसबहिणीच्या मुलाला ऐरोलीत नोकरी लागली आहे. सांगलीहून त्याचा मेसेज: "मावशी, ठाण्यात राहू की नवी मुंबईत? मुंबईची गर्दी नको, मध्यमसं शहर बरं."

मध्यमसं! 2011 च्या जनगणनेत ठाण्याची वस्ती 18 लाखांवर होती आणि त्याच्या सांगली-मिरज-कुपवाडची 5 लाख. त्यानंतर घोडबंदर रोडला जे टॉवर उभे राहिले ते तर या आकड्यात धरलेलेच नाहीत. पण त्याला हसावं तर आमची दादरची नणंद अजून "तुमच्या गावाकडे पाऊस आहे का गं?" असं विचारते. तिच्या लेखी मुलुंडचा नाका ओलांडला की गाव.

उत्तर द्यायच्या आधी चार लोकांना विचारावं म्हटलं. आपलं एकटीचं मत म्हणजे आमच्या खोपटहून दिसतं तेवढंच ठाणं.

सोमवार

नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर आमच्या ग्रुपमधली कासारवडवलीची मैत्रीण धापा टाकत आली. तिलाच पहिला प्रश्न. ती म्हणाली, "घरात असले की स्वर्ग, घराबाहेर पडले की घोडबंदर रोड."

सोसायटी तिची खरंच छान आहे. पोहायचा तलाव, मुलांना खेळायला जागा, मागे येऊरचे डोंगर, पावसाळ्यात खिडकीतून धबधब्यांच्या रेघा दिसतात. शाळेची बस गेटवर येते, किराणा मोबाईलवरून. पण स्टेशनला यायचं म्हणजे मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा असे टप्पे, आणि एखादा कंटेनर बंद पडला की हाफ डे टाकायचा. मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहायला लागले तेव्हा तिची मुलगी बालवाडीत होती. घर घेताना बिल्डरच्या माणसाने नकाशावर स्टेशन कुठे येणार तिथे बोट ठेवून दाखवलं होतं म्हणे.

मला गंमत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. बोलताना ती सहज म्हणाली, "शनिवारी ठाण्यात गेलो होतो, गोखले रोडला खरेदी केली." अगं, तुझा पत्ता ठाण्याचा, आधार कार्ड ठाण्याचं, कर तू ठाण्यातच भरतेस! पण घोडबंदरचे सगळे असंच बोलतात. त्यांचं ठाणं स्टेशनच्या आसपास कुठेतरी असतं, तिथे जाऊन यावं लागतं.

शेवटी हे शहर स्टेशनाभोवतीच वाढलं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी इथवरच आली होती, चौतीस किलोमीटर. तेव्हापासून इथली जागा, भाडं, स्थळाची चौकशी, सगळ्यात पहिला प्रश्न एकच: स्टेशनपासून किती? आणि उत्तर किलोमीटरमध्ये कोणी देत नाही.

भाच्याला रात्रीच कळवलं, घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नकोस. एजंट मुद्दाम तेव्हाच नेतात, रस्ते मोकळे असतात. सोमवारी सकाळी आठला ये आणि घरापासून स्टेशनपर्यंत एकदा जाऊन बघ.

बुधवार

येताना नौपाड्यात काकूंकडे डोकावले. त्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आहे. बिल्डर भाडं देतो, त्यात वागळे इस्टेटकडे मोठी जागा मिळत होती. पण काकूंनी मागच्याच गल्लीत वन बीएचके घेतला, अर्धं सामान मुलीकडे टाकलं. का? तर गावदेवीची भाजी, सोमवारी कौपिनेश्वराचं देऊळ, मराठी ग्रंथसंग्रहालय आणि गडकरी रंगायतन हे सगळं पायी राहिलं पाहिजे. ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे हे त्या दर वेळी सांगतात, जणू पहिली वर्गणी त्यांनीच भरली होती.

"काकू, कासारवडवली बघितलीत का कधी?"

"एकदा लग्नाला गेले होते. हॉल चांगला होता."

त्यांच्या शहरात लोक एकमेकांना ओळखतात. केमिस्ट उधार देतो, दूधवाल्याला सुनेचं बाळंतपण ठाऊक असतं. नाटकाच्या मध्यंतरात निम्म्या ओळखी निघतात. ठाण्याबद्दल जे गोडगोड लिहिलं जातं, दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर नटूनथटून आलेली तरुणाई, तलावपाळीची फेरी, पाडव्याची स्वागतयात्रा, ते सारं या एवढ्याशा तुकड्यातलं आहे. मला हे नेहमी खटकतं. कळवा, मुंब्रा, लोकमान्य नगर, दिवा हेही ठाणंच, पण त्या लेखांत ते येत नाही.

काकूंच्या तक्रारी मात्र अगदी खऱ्या. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, जवळचं भाडं म्हटलं की रिक्षावाला मान फिरवतो. आणि पुढची भीती अशी: चार मजल्यांच्या जागी वीस-बावीस मजले येणार, गल्ली आहे तेवढीच. "चार बिऱ्हाडांच्या गाड्या लागत नव्हत्या, आता दीडशे कुठे लावणार?" यावर मी काही बोलले नाही. आमच्याकडेही रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा सुरू झाल्यात आणि मी सही केली आहे.

शुक्रवार

पाणी नाही. शटडाऊन. बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवलेले.

नेरूळच्या मित्राला फोन केला तर तो खूश. "आमचं मोरबे आहे बाबा!" नवी मुंबईला स्वतःच्या मालकीचं धरण आहे, हे तिथला माणूस हमखास ऐकवतो. ठाण्याला नाही. बिरूद तलावांचं शहर आणि प्यायचं पाणी लांबच्या भातसा नदीचं.

नवी मुंबईत राहण्याबद्दल त्याचं म्हणणं थोडक्यात: रस्ते रुंद, सेक्टर आखलेले, स्टेशनं ऐसपैस, सगळं जागच्या जागी. करमायला वेळ लागला. जेवण झाल्यावर शतपावलीला निघालं तर सेक्टरमध्ये बाराखडी म्हणावी तशी ओळीने एकसारखी घरं. आता त्याला ठाण्यात आलं की गुदमरतं.

शनिवार

अर्धा दिवस ऑफिस. डब्याच्या वेळी घणसोलीच्या सहकाऱ्याला विचारलं. तो आगरी, तिथल्याच गावठाणातला. इतरांना विचारलं की कुठून आलो, कधी आलो यापासून सुरुवात होते. तो म्हणाला, "आम्ही कुठून येणार? आम्ही इथेच होतो, तुम्ही आलात."

1970 साली नवं शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. त्याच्या आजोबांची भातशेती त्यात गेली. मोबदल्यासाठी पुढे आंदोलनं झाली, 1984 ला उरणकडच्या जासईला गोळीबार झाला, माणसं गेली, आणि मग साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हे त्याने एकाच घासात सांगितलं, आवाज न चढवता. कुटुंब वाढत गेलं तसे गावठाणात मजले चढवले. कागदोपत्री त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. ती कायम होणार की नाही हे दर निवडणुकीत ऐकायचं आणि निवडणूक झाली की विसरायचं.

सेक्टरमधल्यांना गावठाण म्हणजे अरुंद गल्ल्या, फायर ब्रिगेडची गाडीही वळणार नाही, एवढंच दिसतं. तो म्हणाला, सेक्टरमध्ये मयत झाली तर खांदा द्यायला चार माणसं गोळा करावी लागतात, आमच्याकडे गल्लीत जागा पुरत नाही. जत्रा आहे, हळदीला अख्खं गाव जेवतं. शहरात राहतो असं त्याला वाटतच नाही, पण मुलीला चालत जाता येईल असं कॉलेज आणि हाताशी लोकल मिळाली, तेही तो नाकारत नाही.

मग स्वतःच म्हणाला, भाच्याला पाठवा, वरची एक खोली रिकामी होतेय. भाडं ऐकलं आणि मी म्हटलं, अहो, एवढ्यात कळव्याला वन आरके येईल. तो हसला. "मॅडम, आपल्या ऑफिसातल्याच पोरांनी वाढवलंय. तिघं तिघं मिळून राहतात, मागू ते देतात."