अकारको

मंगळवार, रात्र

आज बाबांवर ओरडले.

दुपारी ऑफिसचा व्हिडिओ कॉल चालू होता. माझी बोलायची पाळी आली आणि आतून हाक आली. एकदा, दोनदा, मग सारखीच. माइक बंद केला, आत गेले आणि दारातूनच म्हणाले, "पाच मिनिटं थांबता येत नाही का तुम्हाला?" आवाज चढलेला होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चादर ओली झाली होती, त्यासाठीच ते बोलावत होते. उजवा हात आता हलत नाही, म्हणून डाव्या हाताने चादरीचं कोरडं टोक ओढून ते ओल झाकायचा प्रयत्न करत होते. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "माझा आता काय उपयोग."

चादर बदलली. त्यांचं अंग पुसलं. परत येऊन कॉलवर नेटवर्क गेल्याचं सांगितलं. त्या खोट्याचंही वाईट वाटतंय, पण ते ओरडण्याखाली दबून गेलं आहे.

अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले. रात्री बाबा झोपल्यावर मी अंथरुणावर पडले आणि दीड तास फोन बघत राहिले. कुणाचं लग्न, कुणाचा प्रवास, कुठल्या तरी युद्धात ढिगाऱ्याखालून काढलेलं मूल, लगेच त्याखाली शूजची जाहिरात. मुलाचा फोटो पाहून डोळ्यांत पाणी आलं, आणि तरीही अंगठा पुढे सरकला.

संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातलं सल्ल सुत्त, म्हणजे बाणाचा उपदेश, खूप जणांना ठाऊक असतं, निदान त्यातला दृष्टान्त तरी. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. मग तो शोक करतो, चडफडतो, छाती बडवतो आणि दुसरा बाण लागतो, तो मनाचा. बुद्धांचा उपदेश ऐकून शिकलेल्या श्रावकालाही पहिला बाण लागतोच, दुसरा लागत नाही. मला हे कित्येक वर्षं पाठ आहे. पण त्याच सुत्तात पुढे आणखी एक गोष्ट आहे, ती आज फोन खाली ठेवताना आठवली. दुःखाने घेरलेला अडाणी माणूस सुखभोगाकडे वळतो, कारण दुःखद वेदनेतून सुटायची दुसरी वाट त्याला माहीतच नसते. एवढंच म्हटलं आहे तिथे, त्याला नावं ठेवलेली नाहीत. वाचताना बरं वाटलं. दीड तास मी नेमकं काय करत होते, ते कुणीतरी फार पूर्वी शांतपणे पाहून ठेवलं होतं.

गुरुवार, पहाट

झोप लागत नव्हती, म्हणून विनयपिटकातला, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या संग्रहातला, महावग्ग काढला. आजारी भिक्खूची गोष्ट पुन्हा वाचायची होती. 'उपयोग' हा शब्द मंगळवारपासून कानातून जात नव्हता, आणि या गोष्टीत तसं काहीतरी आहे असं अंधूक आठवत होतं.

एका भिक्खूला पोटाचा विकार जडलेला असतो. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून असतो. बुद्ध आपला शिष्य आनंद याला घेऊन निवासस्थानं बघत फिरत असतात, ते तिथे येतात. विचारतात, तुला काय झालं आहे? तो आजार सांगतो. तुझं करायला कुणी आहे का? नाही. का नाही? तेव्हा तो म्हणतो, "अहं खो, भन्ते, भिक्खूनं अकारको." मी भिक्खूंसाठी काही करत नाही, म्हणून तेही माझं करत नाहीत.

अकारको. ज्याच्या हातून कुणाचं काही होत नाही, असा. बाबांचंच वाक्य ते.

मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसले. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तातल्या, म्हणजे बुद्धांच्या पहिल्या उपदेशातल्या, दुःखाच्या यादीत जन्म, जरा, व्याधी, मरण, नावडत्याचा संयोग, आवडत्याचा वियोग, हवं ते न मिळणं, हे सगळं आहे. बाबांच्या बाबतीत मी आजवर व्याधीच मोजत होते. बीपी किती, हात किती हलला, गोळी कधी. पण त्या माणसाला सर्वांत जास्त छळतंय ते उपयोग संपल्याचं दुःख. आयुष्यभर त्यांना त्यांच्या कामावरून ओळखलं गेलं. मलाही तसंच ओळखलं जातं, म्हणूनच तो कॉल सोडायला माझा जीव घाबरला. त्याच सुत्तात चार सत्यं आहेत: दुःख, त्याचं कारण तृष्णा, त्याचा निरोध म्हणजे शेवट, आणि तिथे नेणारा मार्ग. प्रत्येक सत्यासोबत एक काम सांगितलं आहे. तृष्णा सोडायची, निरोध अनुभवायचा, मार्ग वाढवायचा. आणि दुःखाचं काय करायचं? ते 'परिञ्ञेय्य' आहे, म्हणजे पुरतं जाणून घ्यायचं. आठ महिने मी बाबांचं दुःख हटवायला धावत होते. ते कोणतं आहे हे बघायला बसलेच नव्हते.

शुक्रवार

कालची गोष्ट अर्धी राहिली. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिचा उरलेला भाग.

भिक्खूचं ऐकल्यावर बुद्ध आनंदाला म्हणतात, जा, पाणी आण, आपण याला आंघोळ घालू. आनंद पाणी आणतो. बुद्ध पाणी ओततात, आनंद अंग धुतो. मग बुद्ध डोक्याकडून आणि आनंद पायांकडून धरतात, दोघे मिळून त्याला उचलून मंचकावर निजवतात.

दोघे मिळून. इतक्या वेळा वाचूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रत्यक्ष बुद्धांनीही ते एकट्याने केलं नाही.

नंतर ते संघाला जमवून म्हणतात, इथे तुमची आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांचं केलं नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. हे वाक्य सगळे सांगतात. पण पुढे चक्क नियम घालून दिला आहे. उपाध्याय असेल तर त्याने करायचं, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, आणि यांपैकी कुणीच नसेल तर संघाने. न केल्यास दुक्कटाचा, म्हणजे हलक्या नियमभंगाचा, दोष. करुणा कुणा एकाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेली नाही, ती वाटून दिली आहे. आमच्या घरात ती वाटली गेली नाही. दादा पैसे पाठवतो, फोन करतो, मी म्हणते "सगळं ठीक आहे". माझ्या मनात ते प्रेम होतं. खरं तर त्यात अभिमानही होता, सगळं मीच करते याचा.

बुद्धघोष या बौद्ध आचार्याने ५व्या शतकात विसुद्धिमग्ग या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू क्रूरपणा, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे घरगुती शोक, जो करुणेसारखाच दिसतो. मी बाबांसाठी रडत होते, असं मला वाटत होतं. बरेचदा मी माझ्यासाठी रडत होते, आणि त्या रडण्यानेच थकून मंगळवारी दूरच्या शत्रूच्या दारात जाऊन उभी राहिले.

शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी काय हवं, तेही महावग्गात दिलं आहे. औषध तयार करता यावं, काय मानवेल आणि काय नाही हे कळावं, मनात लाभ नसून मैत्री असावी, मलमूत्राची, थुंकीची, वांतीची किळस नसावी, आणि आजाऱ्याला वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने धीर देता यावा. पहिल्या चार गोष्टी मी बऱ्यापैकी शिकले. शेवटची राहिली, बोलायला मी थांबलेच नाही. डॉ. आंबेडकर प्रज्ञा आणि करुणा यांना शेजारी शेजारी ठेवतात, ते या यादीत किती साधेपणाने उतरलंय. पथ्य कळणं आणि मैत्री असणं, दोन्ही एकाच ओळीत.

आजाऱ्याचीही तशीच यादी आहे. त्यात एक असं, की दुखणं वाढतंय, कमी होतंय की तसंच आहे, ते त्याने खरं सांगावं. बाबा सांगत नाहीत. सांगितलं तर मला त्रास होईल म्हणून. मीही दादाला हेच करते आहे.

रात्री दादाला फोन केला. "दादा, मला एकटीला झेपत नाहीये. मी बाबांवर ओरडले." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू आधी का नाही सांगितलंस?" त्याच्या आवाजात राग होता की रडू, कळलं नाही.

रविवार

दादा काल रात्री आला. यापुढे दर पंधरा दिवसांनी तीन दिवस राहील, आणि रोज सकाळी चार तासांसाठी माणूस ठेवायचा, त्याचा खर्च दोघांत.

सकाळी बाबांपाशी बसले आणि मंगळवारबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "तुझं काम होतं ना गं." मी म्हटलं, "होतं. पण तुम्ही हाक मारायची. उपयोग असो नसो, हाक मारायची." ते काही बोलले नाहीत. डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं.

नंतर आम्ही दोघांनी त्यांना आंघोळ घातली. दादाने पाण्याचा मग धरला, मी अंग चोळलं. दादाचे हात सुरुवातीला थरथरत होते. पाठ धुवायला त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा बाबा म्हणाले, "हळू. तिथे खाली दुखतंय."

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस झाले."

माकडहाडापाशी रुपयाएवढी जागा लाल झाली होती. दादाने त्यांना कुशीवर तसंच धरून ठेवलं, मी उशी आणायला गेले. उद्या नर्सला दाखवायचं आहे.