रेलिंगला टेकून की मिक्सरजवळ?

शाळेत असताना मी आणि माझा मित्र, आमच्या दोघांत एकच वॉकमन होता. हेडफोनची एक बाजू त्याच्या कानाला, दुसरी माझ्या. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या गाण्यांचा जीव म्हणजे जोडीने वाजणाऱ्या गिटार, आणि त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या बऱ्याचदा एक डावीकडे, एक उजवीकडे अशा वाटलेल्या असायच्या. माझ्या वाट्याला कायम डावी आली, त्याच्या वाट्याला उजवी. पुढे दोघांनीही ती गाणी अख्खी, हजारदा ऐकली. पण त्या वयात कानात बसलेलं निघत नाही. अजूनही गुणगुणायची वेळ आली की तो त्याची बाजू धरतो, मी माझी.

बास गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने हा बँड 1975 मध्ये पूर्व लंडनमध्ये उभा केला. पन्नाशीचा दौरा 2025 च्या मे महिन्यात बुडापेस्टपासून सुरू झाला आणि आम्ही ठरवलं, आता थांबायचं नाही, जायचंच. तेव्हा हॅरिस एकोणसत्तर वर्षांचा, गायक ब्रूस डिकिन्सन सहासष्टचा. डिकिन्सन तर 2015 मध्ये जिभेच्या कर्करोगातून बरा होऊन परत गायला लागलेला माणूस. आणि अनवाणी ड्रम वाजवणारा निको मॅकब्रेन 2024 च्या डिसेंबरमध्ये दौऱ्यांमधून निवृत्तही झाला होता. "निकोला बघायचं राहिलं ते राहिलंच," मित्र फोनवर म्हणाला होता. त्यानंतर आमच्यात जायचं की नाही अशी चर्चा झालीच नाही.

तिकिटं काढताना दोघांनी एकाच वेळी लॉगिन केलं, ज्याचा नंबर आधी लागेल त्याने दोन घ्यायची. त्याचा लागला. उभ्याची तिकिटं मिळाली.

खरा वाद झाला तो उभं कुठे राहायचं यावर. त्याला रेलिंग हवं होतं, अगदी पुढचं, हॅरिसचा मॉनिटरवर, म्हणजे स्टेजवर वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरवर, टेकवलेला बूट दिसेल इतकं. मला मिक्सरजवळ, म्हणजे गर्दीच्या मागे जिथून सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवतात तिथे, उभं राहायचं होतं. मोठ्या कार्यक्रमात मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. अगदी पुढे मधोमध उभं राहिलं तर ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर थेट स्टेजवरून आदळतात, आवाजाचा मेळ बिघडतो, गायकाचे शब्द खाली दबतात. मिक्सरवरचा माणूस मात्र जे ऐकतो त्यावरूनच सगळं जुळवतो. म्हणजे त्याच्या शेजारी उभं राहिलं की त्याने जे घडवलंय तेच आपल्या कानात पडतं. हे मी मित्राला तीनदा समजावलं. तो म्हणाला, "ऐकायला घरी रेकॉर्ड आहेत. मला बघायचंय." त्याचंही चूक नव्हतं.

आधी पुढे, मग मागे, असं ठरलं. माझ्याकडे एक गुपितही होतं. दौऱ्यात कोणती गाणी वाजताहेत याची यादी मी पाहून ठेवली होती. त्याने पाहायची नाही असं ठरवलं होतं. त्यामुळे 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' यादीत नवव्या क्रमांकावर आहे हे मला तीन आठवडे माहीत होतं आणि मी गप्प होतो. 1984 च्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बमवरचं, इंग्रज कवी कोलरिजच्या 1798 मधल्या कवितेवरचं, तेरा मिनिटांहून लांब गाणं. आमचं दोघांचं गाणं ते हेच.

गेट उघडायच्या पाच तास आधी रांगेत लागलो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने दोन गोष्टी नक्की कराव्यात. पायात वापरून मऊ झालेले, सवयीचे बूट घालावेत आणि कानांत इअरप्लग. फोमचे नकोत, त्यांनी वरचे सूर मरतात. संगीतासाठी बनवलेले, फिल्टरवाले घ्यावेत, ते सगळ्याच आवाजाला सारखं खाली आणतात. 85 डेसिबलचा आवाज कानांना आठ तास चालतो, पण दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. रॉकच्या कार्यक्रमात दोन तास त्या पट्टीत सहज जातात. प्लग घालायला मित्र तयार नव्हता. "हे कान तुला अजून तीस वर्षं लागणार आहेत," म्हटल्यावर घातले.

दिवे अजून चालू होते आणि स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं. मेडनच्या चाहत्यांसाठी ही खूण आहे, हे गाणं संपलं की बँड येतो. मैदानभर लोक ओरडायला लागले. मित्राने माझ्याकडे पाहिलं, त्याचे डोळे भरले होते आणि अजून एक सूरही वाजला नव्हता.

पहिली सात गाणी आम्ही रेलिंगपासून तिसऱ्या रांगेत काढली. हॅरिसचा बूट दिसला. त्याची दोन बोटं बासच्या तारांवर धावताना दिसली, त्याला पिक, म्हणजे तार छेडायची चकती, लागत नाही. गर्दी मात्र दर गाण्याला दाटत गेली. चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की माणूस आपल्या पायावर चालत नाही, लाटेबरोबर सरकतो. अशा वेळी हात छातीसमोर आडवे धरायचे, श्वासाला तेवढी जागा राहते. आणि बाहेर पडायचं तर लाटेच्या विरुद्ध रेटायचं नाही, दोन लाटांच्या मधे कडेकडेने तिरकं सरकायचं.

सातवं गाणं संपता संपता मी त्याच्या कानाशी ओरडलो, "चल, मागे जायचं. आत्ता." पाच तास उभं राहून मिळवलेली जागा. त्याने एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न विचारता माझा शर्ट मागून पकडला. अख्खं आठवं गाणं आम्ही वाट काढण्यात घालवलं.

मिक्सरच्या कठड्याशी पोचलो आणि 'राइम'चे पहिले स्वर आले. त्याने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. तिथून स्टेज साधारण पस्तीस मीटर होतं. आवाजाला तेवढं अंतर यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, त्यामुळे ड्रमवर काठी पडताना आधी दिसायची आणि ठोका मग यायचा. पण ऐकू काय येत होतं! प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. मधला तो शांत भाग आला, नुसता बास आणि वर बोललेले शब्द, आणि हजारो लोक गप्प. फोन जवळपास कुणीच वर धरला नव्हता. बँडचे मॅनेजर रॉड स्मॉलवूड यांनी दौऱ्याआधीच तशी विनंती केली होती, आणि लोकांनी ती पाळली याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. मग गिटार हळूहळू चढत गेल्या, डिकिन्सनचा आवाज वर गेला, सहासष्टाव्या वर्षी, त्या घशातून, आणि दोन्ही गिटार एकमेकींत मिसळून समोरून एकदम आल्या.

"तुला माहीत होतं," गाणं संपल्यावर तो म्हणाला.

"तीन आठवडे."

शेवटचं गाणं झाल्यावर बाहेर पडायला पाऊण तास लागला. प्लग काढले तेव्हा कानात शिट्टी नव्हती, तरी त्या रात्री काहीच ऐकायचं नाही असं आम्ही ठरवलं. गर्दीबरोबर हळूहळू सरकत होतो. तो 'राइम'मधली त्याची बाजू गुणगुणत होता. मी माझी धरली.