थमसर जोत आणि दोन उतार

हिमालयात माणसे घेऊन जाणे हा गेली बारा वर्षे माझा व्यवसाय आहे. या बारा वर्षांतल्या ज्या एका निर्णयाकडे माझे मन अजून वळते, तो मी चार वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, थमसर जोतीवर (जोत म्हणजे तिकडच्या बोलीत खिंड), दुपारी पावणेबाराच्या सुमारास घेतला. त्या सफरीत कोणी दगावले नाही आणि कोणाला कायमची इजाही झाली नाही, त्यामुळे आमच्या क्षेत्रातली मंडळी तो प्रसंग ‘निभावला’ या एका शब्दात संपवतात. मला तो तसा संपवता येत नाही.

आम्ही बडा भंगालला निघालो होतो. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातले हे गद्दी मेंढपाळांचे गाव धौलाधारच्या पलीकडे, रावीच्या उगमाजवळ वसलेले आहे आणि तिथे गाडीचा रस्ता नाही. कांगड्यातल्याच, धौलाधारच्या अलीकडच्या बीड गावाहून जायचे तर थमसर ओलांडावी लागते, कुलूच्या अंगाने यायचे तर कालिहाणी, आणि या दोन्ही जोती साधारण 4,700 मीटर उंचीच्या आहेत. तिसरी वाट रावीच्या काठाकाठाने चंबा जिल्ह्यातल्या होलीकडे उतरते, पण ती जागोजागी कड्यात कोरलेली आहे. हिवाळ्यात बहुतेक गाव बीडला उतरते आणि बर्फ वितळले की मेंढरांसह परत वर जाते. बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही ती गोष्ट अशी, की गाव स्वतः फार उंच नाही. त्याची उंची सुमारे 2,550 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जेमतेम नऊशे मीटर जास्त. गाव खाली आहे आणि गावाचे दार वर आहे.

माझे सहप्रवासी सांगलीचे, बँकेतून निवृत्त झालेले, एकोणसाठ वर्षांचे गृहस्थ होते. मी त्यांना काका म्हणत असे. मूळ गट पाच जणांचा होता, पण चौघांनी आयत्या वेळी नकार कळवला, आणि खेचरांचे व शिध्याचे पैसे आधीच दिलेले असल्यामुळे आयोजकांनी सफर रद्द केली नाही. त्यामुळे प्रवासी म्हणावे असे काका एकटे, त्यांच्यासोबत मी, एक स्वयंपाकी आणि बडा भंगालचेच एक खेचरवाले भाईजी, असे आम्ही चौघे होतो. तरुणपणी एका नकाशावर काकांनी हे गाव पाहिले होते. रस्त्याची कोणतीही रेघ त्या ठिपक्याला शिवत नव्हती, आणि तेव्हापासून त्यांना तिथे जायचे होते. मलाही जायचे होते. त्याआधी दोनदा मी जोतीच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत, मढीपर्यंत, पोहोचून ताज्या बर्फामुळे मागे फिरले होते.

काकांनी सह्याद्रीतले शंभराहून अधिक किल्ले पायी पाहिले होते आणि त्यांचा दम माझ्याहून चांगला होता. अशी माणसे सोबत असली की मी अधिक सावध असते, कारण विरळ हवेशी जुळवून घेण्याचा आणि मांड्यांच्या ताकदीचा काही संबंध नाही. उलट ताकदीचा माणूस भरभर वर जातो आणि शरीराला सवय होण्याआधीच उंची गाठतो. निघताना काकांनी दिलेल्या डॉक्टरांच्या दाखल्याचा उपयोग हृदय ठीक आहे एवढे समजण्यापुरताच होता. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर लोकांचा जो विश्वास असतो, त्याची मला खरोखर चिंता वाटते. गार पडलेल्या बोटावर ते यंत्र चुकीचा आकडा दाखवते, आणि आकडा चांगला आला की माणूस डोकेदुखी विसरायला तयार होतो.

माझी भिस्त वहीवर असते. सकाळ-संध्याकाळ मी प्रत्येकाची नोंद घेते, पण ‘बरे आहात ना?’ असे कधीच विचारत नाही, कारण त्याला मराठी माणसाचे उत्तर ‘एकदम मजेत’ हेच असते. मी विचारते, रात्री लघवीला किती वेळा उठलात, पोळ्या किती खाल्ल्या, बुटाची नाडी बांधायला वाकलात तेव्हा डोके ठणकले का. डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. डोकेदुखी असून बेरीज तीन किंवा त्याहून अधिक झाली, तर तो उंचीचा आजार समजायचा आणि त्या माणसाला आणखी वर न्यायचे नाही. ही पद्धत साधी आहे आणि माझ्या अनुभवात ती चालते. अट एकच, की समोरच्याने खरे सांगितले पाहिजे. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला आपली सगळी औषधे चटईवर मांडायला लावते. काकांनी मांडली होती. वेदनाशामक गोळ्यांची एक पट्टी मात्र दाढीच्या सामानात राहून गेली होती.

मार्ग असा होता: बिलिंगहून राजगुंधा, तिथून पलाचक, मग पनिहार्तू, मग मढी, आणि पाचव्या दिवशी जोत. राजगुंधा सुमारे 2,500 मीटर, पलाचक 2,750, पनिहार्तू साधारण 3,500 आणि मढी 3,800. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा नियम आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. या आखणीत पलाचक ते पनिहार्तू हीच उडी मोठी होती, आणि विश्रांतीचा जो दिवस मी सुचवला होता तो सफर दोन रविवारांच्या आत बसवण्यासाठी काढून टाकण्यात आला होता. मी लेखी हरकत घेतली, आणि तरीही सफर स्वीकारली. त्याची जबाबदारी माझीच आहे.

जोतीच्या दिवशी आम्ही पहाटे साडेचारला मढी सोडली. स्वयंपाकी खेचरे घेऊन पुढे निघून गेला आणि भाईजी आमच्याबरोबर थांबले. काका एरवी बोलके होते, पण तळ्यांच्या वरच्या दगडधोंड्यांत ते गप्प झाले, आणि मी त्याला चढाचा थकवा मानले. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास उरतो आणि तिथे कोणीच फारसे बोलत नाही, हे खरे आहे. तरीही ती खूण मला दिसली होती आणि मी तिच्यावरून पुढे गेले.

माथ्यावर दगडांची रास आणि गंजलेले त्रिशूळ आहेत. तिथे टेकून काका हातमोजा घालू लागले. उजवा मोजा ते डाव्या हातात घालत होते. अंगठा बसेना, म्हणून त्यांनी तो काढला, उलटून पाहिला आणि पुन्हा त्याच हातात घातला. असे चार वेळा झाले. त्यांना त्याचा वैताग आला नव्हता, हे पाहून मी घाबरले.

मी काठीने बर्फावर एक सरळ रेघ ओढली आणि त्यांना टाचेला अंगठा लावत तिच्यावरून चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला ते बाजूला कलंडले आणि खाली बसले.

“बर्फ घसरडा आहे गं,” ते म्हणाले.

मी स्वतः त्या रेघेवरून शेवटपर्यंत चालून पाहिले. बर्फ घसरडा नव्हता. तोल जाणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते, आणि तिथून पुढे काही तासांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. मी त्यांना मेंदूची सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनच्या एकूण आठ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या आणि विचारले, “काका, डोकं कधीपासून दुखतंय?” तेव्हा ते म्हणाले, की मढीला रात्री थोडे दुखले होते आणि त्यांनी दोन गोळ्या घेतल्या होत्या.

यावर उपचार एकच, ताबडतोब खाली उतरणे. औषधाने फक्त उतरण्यापुरता वेळ मिळतो. पण आम्ही जोतीवर उभे होतो आणि उतार दोन्ही बाजूंना होता.

मागे उतरलो तर रात्र मढीत काढावी लागणार होती. तिथे दगडी आडोसा होता, पण आमचे तंबू खेचरांबरोबर पलीकडे गेले होते. माझ्या पाठीवर संकटकाळासाठीची एक पिशवी, लहान स्टोव्ह आणि एका दिवसाचे खाणे एवढेच सामान होते. शिवाय कांगड्याच्या बाजूने ढग वर चढू लागले होते. मात्र मागच्या वाटेने दोन दिवसांत राजगुंध्याची गाडी गाठता आली असती आणि तिथून रुग्णालय. पुढे उतरलो तर उधगचा मुक्काम मढीहून खाली होता, तिथे तंबू, गरम पाणी आणि बसायला खेचर मिळणार होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याहूनही बरेच खाली असलेले गाव. पण गावात पोहोचल्यावर सुधारणा झाली नाही, तर बाहेर पडायला पुन्हा हीच जोत होती किंवा रावीची कड्यातली वाट. हेलिकॉप्टर मागवायला निरोप धाडावा लागतो आणि माझ्या फोनला कुठेही नेटवर्क नव्हते. आपल्या देशात सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. त्यामागचे सुरक्षेचे कारण मला समजते, परंतु परवानगी मिळवण्याची वाट आमच्यासारख्या लहान व्यावसायिकांना परवडेल अशी का नसावी, हे मला आजपर्यंत कोणी सांगू शकलेले नाही.

काका म्हणाले, “परत नको. इतकं लांब आलोय.” ज्या मेंदूला सूज आली आहे त्याची इच्छा निर्णयात धरायची नसते, असे मी स्वतः नव्या मुलांना शिकवते.

भाईजींनी त्यांच्या हिंदीत सांगितले, “मॅडम, जोतीवर उभं राहून विचार करू नका. कुठल्याही बाजूला उतरा, पण उतरा.”

मी पुढची बाजू निवडली. वरच्या बर्फाळ उतारावर काकांना दोराने माझ्यापासून हातभर अंतरावर बांधले. भाईजी खाली उभे राहून त्यांचे प्रत्येक पाऊल हाताने धरून खाचेत ठेवत होते आणि मी वरून दोर ताणून धरला होता. तो बर्फ संपायला दोन तास लागले. पुढे मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, दगडांवर स्वयंपाकी एक खेचर घेऊन उलटा वर आला, आणि संध्याकाळी सहाच्या आत आम्ही उधगला पोहोचलो. रात्रभर दर दोन तासांनी मी त्यांना उठवून नाव, वार आणि मुलीचा फोन नंबर विचारत होते, आणि दर सहा तासांनी चार मिलिग्रॅमची मात्रा देत होते. पहाटे दोनला त्यांनी नंबर एकदाही न अडखळता सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावात उतरलो. लाकूड आणि दगडाची, पाटीच्या छपरांची घरे, अंगणात वाळत घातलेला राजमा आणि खाली रावीचा आवाज. भाईजींच्या अंगणात मी पुन्हा काठीने रेघ ओढली. काका टाचेला अंगठा लावत निघाले, आणि त्यांच्यामागे गावातली पाच-सहा पोरे रांगेने, तशीच, दोन्ही हात पसरून चालू लागली. काका रेघेच्या टोकापर्यंत गेले, वळले आणि परत आले. त्यांना ते गाव दिसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

त्या रात्री भाईजींच्या आईला मी दोन उतारांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “आमच्यात कोणी आजारी पडलं की जी जोत उघडी असेल तीच आमची बाजू.” हिवाळ्यात एकही उघडी नसते.

काकांना पुन्हा 4,700 मीटरवर नेण्याचा प्रश्नच नव्हता. दोन दिवस विश्रांती घेऊन आम्ही रावीच्या काठाने तीन दिवस चालून होलीकडच्या नयाग्रांला बाहेर पडलो. एका ठिकाणी कड्यातली वाट ढासळली होती आणि भाईजींनी खेचरे परत पाठवली. तिथे वीतभर रुंद खडकावरून काका पलीकडे गेले तेव्हा खाली शंभर फुटांवर नदी होती. ज्या माणसाला मी तोल गेला म्हणून जोतीवरून उतरवले, त्याला पाच दिवसांनी मी अशा जागी उभे केले होते.

अहवालात मी निर्णयाची तीन कारणे लिहिली: पुढचा मुक्काम अधिक खाली होता, सामान पुढे गेले होते आणि मागे ढग येत होते. तिन्ही खरी आहेत. दोनदा मढीहून परतलेली मी त्या गावाला किती आसुसले होते, हे त्यात लिहिलेले नाही, कारण त्याचे वजन किती होते ते मला तेव्हा मोजता आले नाही आणि आजही येत नाही. आयोजकांनी सफरीच्या आखणीत बदल केला नाही. मी त्यांच्याकडे काम करणे थांबवले, आणि आता माझ्या स्वतःच्या गटांना पनिहार्तूला दोन रात्री ठेवते.

गेल्या दिवाळीत काकांनी त्या अंगणातला फोटो पाठवला आणि गाव दाखवल्याबद्दल पुन्हा आभार मानले. मी त्यांना एवढेच विचारले, की पहिली गोळी नेमकी कधी घेतली होती. त्यांनी प्रामाणिकपणे कळवले, “राजगुंध्याला, पहिल्याच रात्री. तू चिंता करशील म्हणून बोललो नाही.”

राजगुंधा आणि बडा भंगाल जवळजवळ एकाच उंचीवर आहेत. जोतीवर उभी राहून मी जो हिशेब केला, तो या माणसाला त्या उंचीवर काहीही त्रास झालेला नाही हे धरून केला होता. मी जुनी वही काढून ते पान पाहिले. राजगुंधा, संध्याकाळ सात: डोकेदुखी शून्य, पोळ्या तीन, गप्पा भरपूर.