तुम्ही विचारलंत म्हणून: तो व्हिडिओ पुढे पाठवावा का?

शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे पालकसभा संपली की हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, एखाद्या रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ ग्रुपवर येतो. शाळेत पोरं छळतात, असं ते सांगत असतं. आपण तो पुढे पाठवला, दोन धीराचे शब्द लिहिले, तर त्यात वाईट काय?" आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, जरा दबक्या आवाजात: "पण नंतर कळलं की त्याचे घरचेच तसले आहेत, तर?"

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. नको. पण दुसरा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो.

डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका आईने गाडीत बसलेल्या आपल्या 11 वर्षांच्या मुलाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. जेवणाच्या सुट्टीची भीती वाटते म्हणून त्याने आईला शाळेतून लवकर न्यायला बोलावलं होतं. माझ्या नाकाला हसतात, कुरूप म्हणतात, तुला मित्रच नाहीत म्हणतात, अंगावर दूध ओततात, असं तो रडत सांगत होता. लोक असं का करतात, हा त्याचा साधा प्रश्न होता. काही दिवसांत तो व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला. हॉलिवूड अभिनेता क्रिस इव्हान्सने त्याला सिनेमाच्या प्रीमियरचं आमंत्रण दिलं, टेनेसी विद्यापीठाचे फुटबॉल खेळाडू त्याला भेटायला गेले. कुणा अनोळखी माणसाने त्याच्या नावाने निधी सुरू केला आणि 50 हजारांहून जास्त डॉलर जमले.

मग कुणीतरी आईचे जुने फोटो शोधून काढले. त्यांत कॉन्फेडरेट झेंडा होता, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा. एका रात्रीत वारं फिरलं. निधी थांबवला गेला. आईच्या नावाने खोटी खाती उघडून कुणी पैसे मागू लागलं, आणि तो रागही तिच्यावरच निघाला. जे कालपर्यंत मुलाला 'तू शूर आहेस' म्हणत होते, त्यांतलेच काही जण 'त्याला का छळतात ते आता समजलं' असं लिहू लागले.

दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारी 2020. हा मुलगा 9 वर्षांचा, जन्मतःच हाडांच्या वाढीच्या विकारामुळे उंचीने लहान, आणि मूलनिवासी कुटुंबातला. त्याचं शाळेबाहेरचं रडणं आईने लाइव्ह दाखवलं. मूलनिवासी रग्बी संघाने त्याला गोल्ड कोस्टच्या मैदानावर आपल्या पुढे चालत नेलं. ब्रॅड विल्यम्स या विनोदी कलाकाराने, ज्याला स्वतःलाही तोच विकार आहे, त्याला डिस्नेलँडला पाठवण्यासाठी निधी उभा केला आणि साडेचार लाखांहून जास्त डॉलर गोळा झाले. लगेच अफवा सुटली: हा मुलगा नाहीच, 18 वर्षांचा नट आहे, सगळं नाटक आहे. ती अफवा पसरवणाऱ्या एका नावाजलेल्या स्तंभलेखिकेवर अब्रुनुकसानीचा दावा झाला आणि तिला माफी मागावी लागली. घरच्यांनी डिस्नेलँडची सहल नाकारली, पैसे गरजू संस्थांना जाऊ देत म्हणाले. हे शेवटचं मात्र अफवेइतकं कुणी फिरवलं नाही.

दोन्ही मुलांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही शोधलीत तर सापडतील, आणि दुखणं तेच आहे. ती कायमची सापडत राहणार.

आता घरच्यांबद्दल. टेनेसीच्या त्या झेंड्याचा राग खोटा नव्हता. आपल्याकडेही एखाद्या बापाने जातीवरून घाण लिहिलेलं असतं आणि त्याच्याच मुलाला शाळेत रडवलं जातं. त्या बापाला जाब विचारायलाच हवा. त्याच्या लिहिण्याबद्दल, त्याच्या नावाने, खुशाल विचारा. पण मुलाच्या रडण्याखाली तो जाब लिहायचा नाही. तिथे लिहिलात की त्याची किंमत मुलगा मोजतो. बाप मोजत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या, छळ सोसणाऱ्या मुलांची घरं काही पुस्तकातल्यासारखी नसतात. कुणाचा बाप पितो. कुणाची आई शाळेत येऊन बाईंवरच ओरडते आणि शिक्षकखोलीत 'आईच अशी, मग मूल तरी कसं असणार' असं ऐकू येतं. कुणी स्वतःच लेकराला 'रडूबाई' म्हणत असतं. अशा घरातल्या मुलाला बाहेरच्या आधाराची गरज जास्त असते आणि नेमकी तिथेच आपली माया आटते. आपल्याला चांगल्या घरातलं, गोड, निरागस, मागे काही भानगड नसलेलं मूल हवं असतं. तसं नाही निघालं की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. त्या पोराने आपल्याला कसलं वचन दिलं होतं? दूध अंगावर ओतलं गेलं होतं, एवढंच त्याने सांगितलं होतं. ते आईच्या फोटोंमुळे खोटं ठरत नाही.

मग चारचौघांत मुलाची बाजू घ्यायचीच नाही का? घ्यायची, आणि जिथे ते घडतंय तिथेच घ्यायची. आमच्याकडच्या सातवीतल्या एका मुलाचं दप्तर एसटीत रोज पळवलं जायचं. मागच्या सीटवरून पुढे, पुढून मागे, आणि वर त्याच्या बोलण्याची नक्कल. गाडीत मोठी माणसं असायची, पण ती खिडकीबाहेर बघायची. कंडक्टरकाकांनी एक दिवस दप्तर स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हणाले, "तू इथं माझ्याजवळ बस रे, मला सुट्टे लावायला माणूस पाहिजे." तो बसला. रुपयाची, दोनची, पाचाची नाणी वेगळी करून द्यायची, हे त्याचं काम. थांबा आला की घंटीही तोच वाजवायचा. काकांनी त्या पोरांना दम दिला नाही आणि मुलाच्या घरी कोण काय करतं हेही विचारलं नाही. काही दिवसांनी छळणाऱ्यांतलाच एक जण 'मी पण नाणी लावू का' म्हणत पुढे आला. मला हे सांगताना तो मुलगा नाण्यांबद्दलच बोलत होता. नकलांचा विषय मलाच काढावा लागला.

ब्रिस्बेनच्या मुलालाही पुढे दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी सिनेमात भूमिका दिली. लाखो सांत्वनांपेक्षा ते काम मला मोठं वाटतं.

कायद्याचंही तुम्ही विचारता. बालन्याय कायदा 2015 च्या कलम 74 प्रमाणे गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो असं ओळख पटवणारं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आम्ही तर मदतच करत होतो' म्हटल्याने मुलाची ओळख पुन्हा झाकली जात नाही.

मूल ओळखीचं असेल तर वर्गशिक्षकांना भेटा, मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. मूल संकटात आहे असं वाटलं तर मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनला फोन करा. घरात कुणाला बोलायची गरज असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पालक म्हणून तुम्हीच त्या जागी असाल आणि कुणी ऐकत नाही म्हणून व्हिडिओ टाकावासा वाटत असेल, तर तुमची तडफड मला कळते. तरी आधी तो व्हिडिओ शाळेला दाखवा, चेहरा जगाला नको.

आणि तो आधीच पाठवून झाला असेल तर? 'सर्वांसाठी डिलीट' होतंय का बघा. होत नसेल तर पुढे ज्यांना पाठवलात त्यांना एकेकट्याला फोन करून काढायला सांगा. ज्याने तुम्हाला पाठवला त्यालाही तसंच खासगीत सांगा, ग्रुपवर सगळ्यांसमोर झापू नका.